रकाना मोकळा ठेवू नये

आमच्या विभागाच्या दारावर ‘नैसर्गिक साधनसंपत्ती आणि जागतिक राजकारण’ अशी पाटी आहे. तिच्यातला ‘जागतिक’ निखळून खाली पडला त्याला दोन वर्षं झाली. शिपाईकाकांनी तो जपून कपाटावर ठेवलाय आणि तो परत लावायला मंजुरी लागते म्हणून तो तिथेच आहे. आत आम्ही सात जण पीएच.डी. करतो. दोघं तेलावर, एक वाळूवर, एक जंगलावर, असं प्रत्येकाने जगातलं एकेक भांडण वाटून घेतलंय. माझ्या वाट्याला नदी आली. खरं सांगायचं तर मीच ती हट्टाने मागून घेतली आणि त्या हट्टाची फळं भोगतेय.

ही नदी वरच्या देशातून खालच्या देशात येते. आम्ही खालचे. पंचवीस वर्षांपूर्वी दोन्ही देशांत करार झाला. नदीत उन्हाळ्यात आजवर कमीत कमी जेवढं पाणी मोजलं गेलं तेवढं वरच्यांनी खाली सोडायचं आणि बाकीचं त्यांनी वापरायचं. हे कमीत कमी पाणी म्हणजे सेकंदाला एकशे बेचाळीस घनमीटर. त्या आकड्यावर वरच्यांनी तीन धरणं बांधली, आमच्याकडे चार सरकारं पडली आणि जगभरच्या अभ्यासकांनी निदान दोनशे लेख पाडले. आता कराराची मुदत संपत आली होती. नव्या करारासाठी दोन्हीकडच्या समित्या बसल्या होत्या आणि माझ्या प्रबंधाची शेवटची वाढीव मुदतही त्याच सुमारास संपत होती. त्या तारखेला प्रबंध परीक्षा विभागाच्या खिडकीवर पोचला नाही तर नोंदणी रद्द. सहा वर्षं पाण्यात.

मला फक्त एक तळटीप हवी होती. एकशे बेचाळीस हा आकडा मूळ कुठून आला, एवढंच. अर्ध्या तासाचं काम, असं समजून बसले आणि चार महिने उठले नाही.

सगळ्यात नव्या आंतरराष्ट्रीय अहवालाने एका मासिकाचा हवाला दिला होता. मासिकाने एका परिषदेतल्या निबंधाचा. निबंधाने त्याच आंतरराष्ट्रीय अहवालाच्या आधीच्या आवृत्तीचा. ती काढली तर तिच्यात आमच्या सरांच्या, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांच्या, पुस्तकाचा दाखला. सरांच्या पुस्तकात कराराच्या जोडपत्राचा. कुत्रं स्वतःचं शेपूट धरायला फिरतं तसे हे सगळे विद्वान एकमेकांना धरून गोल फिरत होते. मी शेजारच्या टेबलावरच्या मित्राला हे दाखवलं. त्याला आम्ही परिशिष्ट म्हणतो, कारण तो कुठल्याही चर्चेत शेवटी येतो आणि सगळ्यांपेक्षा जास्त वेळ घेतो. परिशिष्टाने मान डोलावली आणि मला सल्ला दिला की सगळ्यात नवा अहवाल उद्धृत कर आणि मोकळी हो, परीक्षक तळटिपा वाचत नाहीत, मोजतात.

मी नाही ऐकलं. कराराच्या जोडपत्रात बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘सीमेवरील मोजणी केंद्राच्या दैनिक नोंदींवरून.’ सीमेवरच्या त्या केंद्रावर रोज पाणी मोजायला माझे वडील होते.

यात योगायोग काही नाही. बाबा तिथे होते म्हणून तर मी ही नदी घेतली. माझी शाळेची पहिली वर्षं त्या केंद्राच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये गेली. सकाळी सहाला बाबा नोंदवही बगलेत मारून उतरणीवरून पाण्यापर्यंत जायचे. तिथे काठाला आकडे रंगवलेली उंच लोखंडी पट्टी रोवलेली होती. तिच्यावर पाणी कुठवर आलं ते वाचायचं, वहीत लिहायचं, मग कोष्टकात बघायचं की एवढ्या उंचीला सेकंदाला किती पाणी वाहतं. सर पाहुण्यांशी माझी ओळख करून देताना हे आवर्जून सांगतात. त्यांच्या तोंडून ऐकलं की माझे वडील कुठलेतरी नदीकाठचे ऋषी वाटतात.

आता आम्ही राहतो ते शहर त्याच नदीच्या मुखाशी आहे. उन्हाळ्यात नदीचा जोर कमी पडला की समुद्राचं पाणी आत शिरतं आणि नळाला खारट पाणी येतं. दरवर्षी तीन महिने चहा खारट, भात खारट, अंघोळीनंतर अंगाला खाज. बाबा रोज सकाळी चहाचा पहिला घोट घेतात आणि वरच्यांना शिव्या घालतात. हा आमच्या घरातला नित्यनेम आहे. वरचे कसे लबाड, वरच्यांनी आपल्या तोंडाला कशी पानं पुसली, करारावर सही करणारे कसे झोपले होते. आई म्हणते, आधी चहा संपवा, मग देश वाचवा.

मूळ नोंदवह्या बघायला सरकारी रेकॉर्ड रूममध्ये जावं लागतं. तिथल्या अर्जात ‘कारण’ या शीर्षकाखाली पाच पर्याय होते: वारसाहक्क, न्यायालयीन काम, दुरुस्ती, निवृत्तिवेतन, इतर विभागाची मागणी. संशोधन नव्हतं. मी ‘संशोधन’ असं हाताने लिहिलं तर अर्ज परत आला. ‘इतर’ लिहिलं तर कोणता इतर म्हणून परत आला. तिसऱ्या खेपेला रेकॉर्ड रूमच्या बाईंनीच कंटाळून ‘दुरुस्ती’वर खूण केली आणि मला आत घेतलं. पुढे काय होणार आहे ते त्यांना कळलं असतं तर त्यांनी ती खूण केली नसती.

बारा वर्षांच्या बारा नोंदवह्या होत्या. बाबांचं अक्षर मी लांबूनही ओळखते. त्यांचा इंग्रजी चार वरून उघडा असतो, नाव तरंगत जावी तसा. पानं चिखलाने डागाळलेली, पावसाने फुगलेली, काही ठिकाणी शाई पसरलेली. एका पानावर माझ्या बोटांचे ठसेही होते. मला वाचता वाचता हसू येत होतं. आणि मग आठव्या वहीत पानं एकदम स्वच्छ झाली.

पावसाळ्याच्या शेवटच्या मोठ्या पुरापासून पुढचे नऊ महिने एकही डाग नाही. एकच पेन, एकच शाई. आणि आकडे? आदल्या दिवसापेक्षा रोज थोडे कमी. कधी एका बोटाने, कधी अर्ध्या बोटाने, पण रोज कमी. एकाही दिवशी वर नाही. मी सहा वर्षं नद्यांचे आकडे बघतेय. नदी इतकी शहाणी नसते.

नऊ महिन्यांच्या शेवटी, ऐन उन्हाळ्यात, आकडा एकशे बेचाळीसवर आला होता. दुसऱ्या दिवसाच्या पानावर पुन्हा चिखलाचा डाग होता आणि आकडा होता एकशे अठ्ठ्याहत्तर. एका रात्रीत, पावसाचा थेंब नसताना. बाकीच्या अकरा वर्षांत पाणी कधीच एकशे एकाहत्तरच्या खाली गेलेलं नव्हतं.

ही उडी मला नवीन नव्हती. आमच्या विषयात तिला सगळे ओळखतात, कारण सरांचं अख्खं नाव त्या उडीवर उभं आहे. वरच्यांनी त्या वर्षी मुद्दाम पाणी अडवून धरलं आणि दबाव आल्यावर एका रात्रीत सोडलं, पाण्याचा हत्यार म्हणून झालेला हा पहिला नोंदलेला वापर, असं सरांनी तरुणपणी मांडलं. त्या सिद्धांतावर चार भाषांत पुस्तकं निघाली. मी स्वतः तो दोन सत्रं पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवलाय, फळ्यावर बाण काढून.

घरी आले तेव्हा दुपार होती. बाबा स्वयंपाकघरात टेबलाशी बसून पेपरातलं कोडं सोडवत होते, आई डाळ निवडत होती. मी फोनवर काढलेले फोटो त्यांच्यापुढे ठेवले आणि विचारलं की या नऊ महिन्यांची पानं इतकी स्वच्छ कशी.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाले की त्या वर्षी ते व्यवस्थित काम करायला शिकले असतील.

“पलंगावर बसून नदी मोजत होते,” आई डाळीतून मान वर न काढता म्हणाली. “मीच चहा नेऊन द्यायची.”

मग सगळं बाहेर आलं. पुरात पट्टी वाहून गेली होती, उतरणीची वाटही. बाबांनी नवी पट्टी मागणारी अकरा पत्रं पाठवली. साहेबांचं एकच उत्तर आलं, त्याची भाषा बाबांना अजून पाठ होती: नवीन पट्टीची मागणी विचाराधीन आहे, तोपर्यंत कोणताही रकाना मोकळा ठेवू नये, वरिष्ठ कार्यालयाचा आक्षेप येतो. मग बाबांनी रकाने भरले. नावाड्याला विचारायचे पाणी कितपत आहे, तो म्हणायचा कमीच आहे. उन्हाळ्याकडे पाणी उतरतच असतं, म्हणून रोज थोडं उतरवत गेले.

मी विचारलं, एवढं खाली का नेलं. बाबांना हा प्रश्न वेडगळ वाटला. जास्त लिहिलं की पुराचा इशारा का दिला नाही म्हणून चौकशी लागते. कमी लिहिल्याबद्दल त्यांच्या खात्यात कधी कोणाला नोटीस आलेली नव्हती. आणि एकशे बेचाळीसवरच का थांबलात, तर तेवढ्यात नवी पट्टी घेऊन ट्रक आला. ट्रक आणखी महिनाभर उशिरा आला असता तर दोन देशांचा करार एकशे तीसवर झाला असता.

मी भडकले होते. त्या रागात मला जे सांगायचं नव्हतं ते सांगून बसले. करारात कमीत कमी पाणी म्हणून जो आकडा धरलाय तो हाच, हे बाबांना माहीतच नव्हतं. त्यांना वाटायचं सगळ्या वर्षांची सरासरी वगैरे काढली असेल, मोठ्या लोकांनी नीट बसून. मी त्यांना सांगितलं की ती नऊ महिन्यांची पानं काढून टाकली असती तर आपल्याला एकशे एकाहत्तर मिळालं असतं. तेवढं पाणी खाली आलं असतं तर समुद्र नदीत इतका आत शिरला नसता. टेबलावर बाबांचा दुपारचा चहा होता, अर्धा प्यायलेला. ते त्या कपाकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी तो मोरीत ओतला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

मला तेव्हाच वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला वाटलं, सापडलं. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या हाताला काहीतरी खरं लागलं होतं आणि आता सगळं बदलणार होतं. इतकी मी मूर्ख होते.

सरांनी माझं सगळं ऐकून घेतलं. ते वाईट गृहस्थ नाहीत, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना वाईट ठरवाल. त्यांनी फोटो मोठे करून पाहिले, स्वच्छ पानं पाहिली, चिखलाचं पान पाहिलं. मागच्या फडताळात त्यांच्याच पुस्तकाच्या चार भाषांतल्या प्रती होत्या, त्यांच्याकडे मी बघायचं टाळत होते. मग त्यांनी विचारलं, पुरावा काय? स्वच्छ कागद हा पुरावा नसतो. माणूस एखाद्या वर्षी नीटनेटका होऊ शकतो.

मी म्हटलं, माझे वडील सांगतील.

“लेखी?”

मी टेबलावरचा फोन उचलून पर्समध्ये टाकला.

“समज, त्यांनी लेखी दिलं,” सर म्हणाले. “माझं पुस्तक रद्दीत जाईल, ते जाऊ दे. मी साठीला आलोय. पण परवा कराराच्या समितीत वरच्यांचा माणूस उठून काय म्हणेल? खालच्यांनी नऊ महिने खोटं लिहिलं, तर बाकीची अकरा वर्षं खरी कशावरून? एकशे एकाहत्तर सोड, आहे ते एकशे बेचाळीसही जाईल. खोटा का असेना, दोघांनी मान्य केलेला आकडा आहे तो. असा दुसरा आकडा आपल्याकडे नाही.”

मी जिना उतरून खाली आले आणि कॅन्टीनमध्ये बसून एकटीच धुमसत राहिले. सहा वर्षं आम्हाला शिकवलं होतं की साधनसंपत्तीच्या राजकारणात सत्तेला माहिती दडवायची असते, अभ्यासकाने ती शोधायची असते. इथे कोणी काही दडवलंच नव्हतं. एका माणसाला चौकशी नको होती, एका साहेबाला आक्षेप नको होता, बाकीच्यांना तळटीप हवी होती. परिशिष्ट समोर येऊन बसला, माझा चेहरा पाहून त्याने आयुष्यात पहिल्यांदा काही जोडलं नाही आणि स्वतःची बिस्किटं माझ्याकडे सरकवली.

सरांनी एक वाट काढून दिली होती. त्या नऊ महिन्यांबद्दल ‘उपलब्ध नोंदींना काही मर्यादा आहेत’ असं एक वाक्य टाकायचं, एकशे बेचाळीस तसाच ठेवायचा, सही लगेच. किंवा मला हवं ते लिहायचं, पण मग वडिलांचं सही केलेलं निवेदन जोडायचं. त्याशिवाय ते कागदाला हात लावणार नव्हते. मुदतीला सहा आठवडे होते.

मी निवेदन टाइप करून घरी नेलं. अर्धं पान होतं. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि टेबलावर उलटं ठेवलं.

“सदतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या सेवापुस्तकात एक शेरा नाही,” ते म्हणाले. “निरोपाच्या भाषणात साहेबांनी हेच सांगितलं होतं. तू तेव्हा होतीस.”

होते मी. त्या भाषणानंतर बाबा घरी येताना रस्ताभर हार गळ्यातच ठेवून चालले होते. मी त्यांना एवढंच म्हणाले की बघा विचार करून. आणि आतून इतकी चिडले होते की दाराचं हँडल हातात आलं. त्यांच्यावर, साहेबांवर, त्या ट्रकवर, स्वतःवर. बापाच्या अब्रूवर पाय ठेवून डॉक्टर व्हायचं की खोट्या आकड्यावर, एवढीच निवड माझ्यापुढे होती आणि दोन्हीकडे नदीला काही फरक पडणार नव्हता.

त्यानंतर बाबांनी वरच्यांना शिव्या देणं बंद केलं. खारट चहा मुकाट्याने पिऊ लागले, शेवटच्या थेंबापर्यंत, औषध घ्यावं तसा. आईला ते सहन होईना. ती मला म्हणाली की त्यांना पुन्हा कुरकुर करायला लाव काहीही करून, घर खायला उठलंय.

मग एक दिवस सकाळी बाबा फिरायला म्हणून गेले ते दोन तासांनी आले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सँडलला चिखल होता. आठवड्याभराने मी त्यांच्या मागून गेले. शहराबाहेर, भरतीचं पाणी जिथवर पोचत नाही तिथे, जुनं पंपघर आहे. त्याच्या पायऱ्या नदीत उतरतात. शेवटच्या पायरीच्या बाजूच्या भिंतीवर बाबांनी पांढऱ्या ऑइलपेंटने पट्टी रंगवली होती, बोटाबोटाच्या खुणा करून, आकड्यांसकट. त्यातला चार वरून उघडा होता. एकाहत्तर वर्षांचा माणूस कंबरेत वाकून पाणी वाचत होता, मग खिशातल्या छोट्या वहीत लिहीत होता. मला बघून त्यांना ना आश्चर्य वाटलं ना लाज. त्यांनी मला पातळी वाचायला सांगितली. मी वाचली. ते म्हणाले, लाट खाली बसू दे, मग वाच. मी पुन्हा वाचली, दोन बोटं कमी आली.

“या आकड्याचा कोणाला काय उपयोग, बाबा?” मी विचारलं.

“कोणाला नाही,” ते म्हणाले. “पण बरोबर आहे.”

मुदतीच्या पाच दिवस आधी मी उठले तेव्हा निवेदन टेबलावर सुलटं ठेवलेलं होतं. खाली सही होती. माझ्या टाइप केलेल्या मजकुरात त्यांनी एक दुरुस्तीही केली होती. ‘वरिष्ठांच्या आदेशावरून’ या शब्दांपुढे ‘व स्वतःच्या भीतीने’ असं हाताने लिहिलं होतं. मी काही बोलायच्या आत ते पंपघराकडे निघूनही गेले होते.

सरांनी निवेदन वाचलं, त्या हाताने लिहिलेल्या तीन शब्दांवर थांबले आणि प्रबंधावर सही केली. सोबत एक चिठ्ठी जोडली की मार्गदर्शक या निष्कर्षाशी सहमत नाहीत. मला म्हणाले की परीक्षक समितीत मी तुझ्या विरुद्ध बोलेन, हे तुला आजच सांगतो. मी म्हटलं, माहीत आहे. आम्ही दोघंही एकमेकांवर वैतागलो होतो आणि तरी त्यांनी दारापर्यंत येऊन विचारलं की वडील बरे आहेत ना.

शेवटच्या दिवशी बाबा म्हणाले, मी येतो. साहेबांना आकडे पाठवताना ते स्वतः टपालात टाकायला जायचे, शिपायावर विश्वास नव्हता. आम्ही सकाळची पहिली बस धरली. स्टँडवर त्यांनी पेपर घेतला. पहिल्याच पानावर बातमी होती: दोन्ही समित्यांचं एकमत, नव्या कराराचा मसुदा तयार, पुढची पंचवीस वर्षं किमान प्रवाह सेकंदाला एकशे बेचाळीस घनमीटर. खाली छोट्या अक्षरात संदर्भ होता, तो सगळ्यात नवा अहवाल.

मला वाटलं प्रबंधाचं गाठोडं खिडकीतून भिरकावून द्यावं. मी बाबांना म्हटलंही की चला उतरू, परत जाऊ, आता काय अर्थ आहे. बाबांनी पेपराची नीट घडी घातली, बुडाखाली घेतली आणि म्हणाले की तिकीट काढलंय.

परीक्षा विभागाच्या खिडकीवर एक क्लार्क बाई बसतात. त्यांनी पानं मोजली, सह्या पाहिल्या, सरांची चिठ्ठी बाजूला लावली. मग त्या जोडपत्रातल्या तक्त्यांशी अडल्या. नऊ महिन्यांची नऊ पानं होती. मी तारखा ठेवल्या होत्या आणि त्यांच्यापुढचे आकडे काढून टाकले होते. दोनशे एकाहत्तर मोकळे रकाने.

बाई म्हणाल्या की असा तक्ता घेता येत नाही, सिस्टीमच घेत नाही. मी सांगितलं की त्या दिवसांचे आकडे नाहीत. त्या म्हणाल्या, मग शून्य टाका. मी म्हटलं, शून्य म्हणजे नदी आटली होती असा अर्थ होतो. त्यांनी घड्याळ पाहिलं. खिडकी एकला बंद होते, पावणेएक झाले होते. त्या अगदी मायेने म्हणाल्या की काहीतरी अंदाजाने टाका हो, कोण बघतंय, रकाना तेवढा मोकळा नको.

माझा आवाज चढला. सहा वर्षांचं सगळं त्या काचेवर आपटणार होतं. तेवढ्यात बाबा पुढे आले. त्यांनी मला हाताने बाजूला केलं, खिडकीशी वाकले, जसे पाण्याशी वाकतात तसे.

“ते मोकळेच राहतील,” ते म्हणाले. “त्या दिवसांत कोणी मोजलं नाही. मोजणारा मीच होतो.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग निवेदनाकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. बाई आत जाऊन त्यांच्या साहेबांना विचारून आल्या. हाताने तक्ता जमा करता येईल, पण प्रत्येक पानावर जबाबदार व्यक्तीचा शेरा आणि सही लागेल, असं ठरलं. त्यांनी स्वतःचं पेन पुढे केलं. ते लाल होतं.

बाबांनी खिडकीच्या कट्ट्यावर पानं पसरली आणि पहिल्या पानावर तिरप्या अक्षरात लिहिलं: ‘मोजमाप झाले नाही.’ सही, तारीख. दुसऱ्या पानावर तेच. अक्षर सुवाच्य होतं, आणि सदतीस वर्षांत एकही शेरा न घेतलेला माणूस नऊ शेरे स्वतःच्या हाताने लिहीत होता. मी पानं धरून उभी राहिले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता. एक वाजायला तीन मिनिटं असताना बाईंनी शिक्का मारला.

परतीच्या बसमध्ये बाबांनी खिशातून छोटी वही काढली. आज इकडे आल्यामुळे पंपघरावर जाणं झालं नव्हतं. त्यांनी तारीख लिहिली आणि पुढचा रकाना तसाच सोडला.

मी कालचा आकडा पाहिला. पाऊस नाही, काही नाही, आज फार तर अर्ध्या बोटाचा फरक असेल. म्हणून सहज म्हणाले की टाका ना अंदाजाने.

बाबांनी वही मिटली आणि माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले.